उणे तीन मिनिटं

आमच्या इस्पितळात शिपाई, हमाल, वॉर्डबॉय या सगळ्यांना मामाच म्हणतात. त्यामुळे कॉरिडॉरमध्ये उभं राहून ‘मामा!’ अशी हाक मारली की सात-आठ माणसं एकदम वळून बघतात आणि त्यातलं एकही जवळ येत नाही. त्यांच्यातला एक माझा सख्खा मामा आहे. आईचा थोरला भाऊ. मला इथली नोकरी आपण लावली असं तो सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे त्याने मला फक्त अर्ज कुठल्या खिडकीत टाकायचा ते दाखवलं होतं. पण ती खिडकी त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती, तेव्हा मी वाद घालत नाही.

मामाचं काम सोपं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या महिला वॉर्डात सिस्टर रक्ताचे नमुने काढतात. पाच-सहा नळ्या जमल्या की मामा त्या डब्यात घालतो, तीन मजले उतरतो, अंगण ओलांडतो, समोरच्या इमारतीचे दोन मजले चढतो आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत डबा ठेवतो. इस्पितळाला लिफ्ट आहे. तिच्यावर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी आहे. त्या पाटीचीही एकदा दुरुस्ती झाली.

माझं काम त्याहून सोपं आहे. नमुना काढल्याची वेळ सिस्टर चिठ्ठीवर लिहितात. पोचल्याची वेळ खिडकीतल्या बाई लिहितात. दुसऱ्या वेळेतून पहिली वजा करायची. एवढंच. दुसरीतल्या पोराला येणारी वजाबाकी. त्यासाठी इस्पितळाने संख्याशास्त्राचं एक भलंमोठं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते चालवायला मला.

ते सॉफ्टवेअर हुशार आहे, आणि हुशार माणसांसारखंच त्याला साधं बोलता येत नाही. दहा वाजून चाळीस मिनिटं म्हटलं की ते मनातल्या मनात तीन कोटी चौऱ्याऐंशी लाख म्हणतं, कारण मध्यरात्रीपासून सेकंदाचे हजार-हजार तुकडे करून ते मोजत बसतं. कुणी सांगितलं होतं? पहिल्या दिवशी मी वजाबाकी केली तेव्हा उत्तर आलं पंधरा लाख. अर्धा दिवस मी त्या पंधरा लाखांकडे बघत होतो. मग साठ हजारांनी भागलं आणि पंचवीस मिनिटं निघाली. मी इतका खूश झालो की चहा आणायला स्वतः गेलो.

परत आलो तर रात्रपाळीच्या ओळींत उणे चौदाशे पंधरा मिनिटं दिसत होती. ते मात्र मला लगेच कळलं. नमुना रात्री अकरा पंचावन्नला काढला, बारा वीसला पोचला. मधे तारीख बदलली, पण चिठ्ठीवर तारखेचा रकानाच नाही. मी एक ओळ लिहिली: उत्तर शून्याच्या खाली गेलं तर चोवीस तास मिळव. सगळी उणे चिन्हं एका फटक्यात नाहीशी झाली. ती ओळ मी आईला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, “छान आहे. जेवलास का?”

त्यानंतर अहवाल दर सोमवारी सकाळी नऊ वाजता आपोआप साहेबांकडे जाऊ लागला.

आमच्या साहेबांना सगळे ‘सरासरी’ म्हणतात. तक्त्यात दहा रकाने असले तरी ते एकच वाचतात. त्यांना दोन मुलं आहेत, पण विचारलं तर ते आधी बोटं मोजतात आणि मग ‘सरासरी दोन’ म्हणतात, असं खालचे लोक सांगतात. मी ऐकलेलं नाही.

पहिल्याच सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“महिला वॉर्ड, तिसरा मजला, दिवसपाळी,” ते म्हणाले. “नमुना पोचायला सरासरी आठ तास एक मिनिट.”

“साहेब, आठ तासांत माणूस चालत शेजारच्या गावाला जातो.”

“मग तो जातो का?”

“नाही हो. काहीतरी चुकलंय.”

“मर्यादा तीस मिनिटांची आहे. काम कोण करतं तिथे?”

“मामा.”

“कुठले मामा?”

“माझे,” मी म्हणालो, आणि म्हटल्यावर वाटलं की नसतो म्हणालो तर बरं झालं असतं.

साहेबांनी चष्मा काढला. “भाच्याने मोजलेले आठ तास म्हणजे प्रत्यक्षात दहा असणार. एक आठवडा देतो. सुधारणा नाही झाली तर धुलाई विभागात माणूस कमी आहे.”

धुलाई विभाग म्हणजे मागच्या आवारातली पत्र्याची लांबलचक शेड. तिथे ओल्या चादरींनी भरलेल्या लोखंडी गाड्या उतारावरून वर ढकलायच्या असतात. मामाचा उजवा गुडघा गेली दोन वर्षं त्याच्याशी बोलत नाही. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. त्या गाड्यांपुढे तो गुडघा चौदा दिवस टिकला नसता, आणि मधेच नोकरी सोडावी लागली असती.

मी मामाला जिन्यात गाठलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो डबा मांडीवर घेऊन बसला होता आणि गुडघा चोळत होता.

“मामा, तुला नमुना पोचवायला आठ तास लागतात.”

“कोण म्हणतं?”

“कंप्यूटर.”

मला वाटलं तो चिडेल. तो विचारात पडला. “कंप्यूटर म्हणतोय म्हणजे असेल.”

“अरे, असेल काय? तुझी पाळीच आठ तासांची आहे!”

“परवा इथे जरा टेकलो होतो खरा.”

“आठ तास?”

“लक्षात राहत नाही रे आताशा,” तो म्हणाला आणि उठला. “पण साहेबांना सांग, आठ तास म्हणजे अतीच झालं. सुधारतो मी.”

आणि तो सुधारला. दुसऱ्या दिवसापासून माझा मामा धावू लागला. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, डबा पोटाशी धरून, एक पाय धावतोय आणि दुसरा त्याच्या मागे तक्रार करत येतोय अशा पद्धतीने. अंगणातले पेशंटचे नातेवाईक बाजूला होऊन वाट देत, कारण इतक्या घाईने जाणाऱ्या माणसाच्या डब्यात काय असेल याबद्दल प्रत्येकाची वेगळी कल्पना होती. वळणावरचं बसणं बंद झालं. संध्याकाळी तो घरी जाताना कठडा दोन्ही हातांनी धरून उतरे.

आईचा फोन आला. “तुझा मामा लंगडत घरी येतो म्हणे. तूच काहीतरी मोजलंयस म्हणे.”

“आई, मी वजाबाकी केली फक्त.”

“मग बेरीज कर,” आई म्हणाली आणि फोन ठेवला.

तो आठवडा मी सूत्रं तपासण्यात घालवला. साठ हजार नीट होते. कंस नीट होते. मी सॉफ्टवेअरचं मदतीचं पान उघडलं. त्यात अकरा परिच्छेद होते आणि शेवटी ‘या माहितीचा उपयोग झाला का?’ असं विचारलं होतं. मी ‘नाही’ दाबलं. त्यांनी आभार मानले. मग मी जाणकारांच्या एका गटात प्रश्न टाकला: दोन वेळांमधला फरक आठ तास येतोय, यायला हवा अर्धा तास. पहिल्या जाणकाराने विचारलं, तुम्हाला फरक काढायचाच कशाला आहे? दुसऱ्याने पहिल्याला उत्तर दिलं. ते दोघं अजून भांडतायत, आणि प्रत्येक वेळी मला सूचना येते.

दुसऱ्या सोमवारी नऊ वाजता अहवाल गेला. नऊ वाजून दोन मिनिटांनी साहेबांनी बोलावलं.

“सतरा तास सत्तावन्न मिनिटं,” ते म्हणाले.

मी बसलो. त्यांनी बसायला सांगितलं नव्हतं.

“मी ताकीद दिली आणि वेळ दुप्पट झाली. याला मी काय म्हणू? संप?”

“साहेब, तो धावतोय! खिडकीतून बघा, आत्ता अंगणातून जाईल.”

साहेबांनी बघितलं. मामा गेला. डबा, पाय, तक्रार.

“धावतोय खरा,” साहेब म्हणाले. “पण सरासरी सतरा सत्तावन्न आहे.” त्यांच्या टेबलावर बदलीचा आदेश टाइप करून ठेवलेला होता. “शुक्रवारी अकरा वाजता सही करणार. तोवर काय ते शोधा.”

मी जागेवर येऊन जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. एकेक ओळ वाचली. बहुतेक ओळींत तेवीस तास सत्तावन्न मिनिटं, तेवीस पंचावन्न, तेवीस अठ्ठावन्न. इतकी शिस्तीतली दिरंगाई मी कुठे पाहिली नव्हती. मग मला शंका आली आणि मी माझी ती लाडकी ओळ काढून टाकली. चोवीस तास गळून पडले. उरलं ते असं: उणे तीन मिनिटं. उणे पाच. उणे दोन.

नमुना काढला दहा चाळीसला. पोचला दहा सदतीसला.

मी चहा प्यालो. परत बघितलं. दहा सदतीसलाच पोचला होता. माझा मामा रक्त अंगातून निघायच्या आधीच प्रयोगशाळेत नेऊन देत होता, आणि आम्ही त्याला धुलाईत पाठवणार होतो.

खरी गोम माझ्याच ओळीत होती, हेही तेव्हाच लक्षात आलं. उत्तर शून्याच्या जरा वर असलं की दोन मिनिटं राहायचं. जरा खाली गेलं की मी त्यात अख्खा दिवस घालत होतो. मामा रमतगमत गेला तर वाचायचा. धावला तर बुडायचा. त्याने आठवडाभर गुडघा झिजवून स्वतःची सरासरी वाढवली होती, आणि ती ओळ मी आईला वाचून दाखवली होती.

पण उणे मुळात येतच का होतं? मंगळवार आणि बुधवार मी सॉफ्टवेअरवर आळ घेण्यात घालवले. सकाळ-दुपारचं चिन्ह तपासलं. कंप्यूटर स्वतःला भलत्या देशात समजतोय का ते तपासलं. नव्हता समजत, त्याला आपण कुठे आहोत हे माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. शेवटी गुरुवारी सकाळी मी मोबाइलमधलं स्टॉपवॉच घेऊन सरळ तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि मामाच्या शेजारी उभा राहिलो.

सिस्टरने एका आजींच्या दंडाला पट्टा बांधला, सुई टोचली, नळी भरली. मी स्टॉपवॉच सुरू केलं. सिस्टरने मान वर करून चिठ्ठीवर वेळ लिहिली. आणखी चार नळ्या भरेपर्यंत बारा मिनिटं गेली, मग मामाने डबा उचलला आणि सुटला. मी मागे. अंगणात माझा दम गेला, मामाचा नाही. खिडकीत डबा ठेवला तेव्हा माझ्या मोबाइलवर अठरा मिनिटं झाली होती. खिडकीतल्या बाईंनी पोचल्याची वेळ लिहिली: दहा पस्तीस. मी काढल्याची वेळ वाचली: दहा चाळीस.

“मामा,” मी म्हणालो, “हे दहा चाळीस सिस्टरने कुठून आणलं?”

“भिंतीवरच्या घड्याळातून.”

“नळी भरली तेव्हा दहा सतरा झाले होते.”

“हां, मग बरोबर आहे. तेवीस मिनिटं पुढे आहे ना ते.”

मी चिठ्ठी खाली ठेवली.

“तुला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत आहे. मोठ्या सिस्टर पुढे ठेवतात. आम्ही मनातल्या मनात वजा करतो.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठे? तू म्हणालास आठ तास.”

त्या क्षणी मला जोरात ओरडायचं होतं, पण खिडकीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि तिची दुरुस्ती झालेली नव्हती.

मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख. मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो. त्यांच्या डोक्यावर ते घड्याळ होतं, गोल, पांढरं, अत्यंत प्रामाणिक चेहऱ्याचं.

“सिस्टर, तुमचं घड्याळ पुढे आहे.”

“बाकीची मागे असतील.”

“तेवीस मिनिटं?”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “दार लोटून घे. डॉक्टरांची फेरी नऊला असते. पेशंट उपाशी थांबतात, कारण डॉक्टर बघितल्याशिवाय खायला द्यायचं नाही. डॉक्टर यायचे सव्वानऊला. मी घड्याळ पाच मिनिटं पुढे केलं. ते तीन महिने वेळेवर आले. मग त्यांना कळलं, की पुन्हा उशिरा. मी दहा केलं. त्यांना कळलं. पंधरा केलं. गेल्या वर्षी वीस होतं, तेही त्यांना कळलं. आता तेवीस आहे आणि ते अजून वीसच धरून चालतायत.”

“म्हणजे तुमचा सगळा फायदा तीन मिनिटांचा?”

“तीन मिनिटं लवकर चहा-बिस्कीट मिळतं बायांना. तुला कमी वाटतात?”

मी सगळं सांगितलं. माझी ओळ, आठ तास, सतरा तास, उद्याची सही. “तेवीस मिनिटं पुढे आहे एवढं मला लिहून द्या. मी सगळ्या वेळा दुरुस्त करतो.”

“लिहून देणार नाही. कागदावर गेलं की डॉक्टर वाचतील.”

“डॉक्टर आमचे कागद वाचतात?”

“नको असलेले बरोबर वाचतात.”

“सिस्टर, मामाला धुलाईत टाकतायत.”

त्यांनी दाराकडे बघितलं. दाराच्या काचेतून मामा दिसत होता. परत आला होता आणि भिंतीला टेकून एका पायावर उभा होता, दुसरा पाय जमिनीला नुसता लावलेला.

“आठवडाभर मी त्याला ओरडतेय, धावू नकोस म्हणून,” त्या म्हणाल्या. “म्हणतो, कंप्यूटरला पसंत नाही.” मग विचारलं: “उद्या किती वाजता?”

“अकरा.”

“कुणाच्या घड्याळात?”

शुक्रवारी मोठ्या सिस्टर साहेबांच्या घड्याळात दहा सदतीसला हजर झाल्या, म्हणजे आपल्या वेळेवर. तेवीस मिनिटं आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याला वाटत होतं की आपल्याला काहीतरी कबूल करायचं आहे. काय ते त्याने मला दोनदा विचारलं.

आत मी उभ्यानेच बोललो. आठ तास चूक, सतरा तास चूक. उणे आलं की चोवीस तास मिळवणारी ओळ माझी. ती रात्रपाळीसाठी लिहिली आणि दिवसपाळीला लावली. पहिल्याच सोमवारी एक ओळ जरी डोळ्यांनी वाचली असती तर कळलं असतं. वाचली नाही. खरी सरासरी पहिल्या आठवड्याची पंचवीस मिनिटं, दुसऱ्याची एकवीस. दोन्ही मर्यादेत.

“म्हणजे चूक तुमची,” साहेब म्हणाले.

“हो.”

“मामांची नाही?”

“नाही.”

मामा म्हणाला, “साहेब, त्या दिवशी जिन्यात टेकलो होतो ते मात्र खरं आहे.”

“तू गप्प बस रे,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी घड्याळाचं तोंडी सांगितलं, आणि हेही सांगितलं की ते घड्याळ मागे होणार नाही, हवं तर त्यांना धुलाईत पाठवा.

साहेबांनी आदेश हातात घेतला. उलटा केला. त्याच्या कोऱ्या पाठीवर ते काहीतरी आकडेमोड करू लागले. मामाने माझी बाही धरली होती. लहानपणी रस्ता ओलांडताना मी त्याची धरायचो तशी.

“वॉर्डाचं घड्याळ तेवीस मिनिटं पुढे आहे,” साहेब सावकाश म्हणाले. “ते मागे करता येत नाही. मग प्रयोगशाळेचंही तेवीस मिनिटं पुढे करा.”

मी मनातल्या मनात करून बघितलं. दोन्हीकडे तेवीस मिळवले की वजाबाकीत तेवीस उडून जातात. गणित शंभर टक्के बरोबर होतं. इतक्या दिवसांत मला सगळ्यात जास्त चीड त्या क्षणी आली.

आदेश फाडला गेला. मला लेखी ताकीद मिळाली. चिठ्ठीवर तारखेचा रकाना आला आणि माझी ती ओळ मी पुसून टाकली. बाहेर आल्यावर मामा म्हणाला, “सुटलो ना मी?” मी म्हणालो, “सुटलास.” तो म्हणाला, “मग आता जरा बसू?” आणि वळणाच्या पायरीवर जाऊन बसला.

पुढचं फार नाही. प्रयोगशाळेचं घड्याळ पुढे गेल्यावर खिडकीतल्या बाई तेवीस मिनिटं लवकर घरी जाऊ लागल्या. ते क्ष-किरण विभागाने पाहिलं. मग औषधांच्या खिडकीने. दोन आठवड्यांत अख्खी इमारत तेवीस मिनिटं पुढे गेली, आणि शेवटी फाटकावरच्या हजेरीचं घड्याळही गेलं. ते मला कुणी सांगितलं नाही. नोकरी लागल्यापासून मला पहिला उशिराचा शेरा मिळाला. कारणाच्या रकान्यात मी ‘वेळेवर आलो’ असं लिहिलं. ते अमान्य झालं.

काल सोमवारचा अहवाल गेला. नऊ वाजून दोन मिनिटांनी साहेबांनी बोलावलं.

“महिला वॉर्ड,” ते म्हणाले. “बावीस मिनिटं. गेल्या आठवड्यात पंचवीस होती. मामांची प्रगती चांगली आहे, त्यांना सांगा.”

खाली येताना मामा वळणावर दिसला. डबा मांडीवर, पाय पसरलेला, प्रगतीचं कुठे नाव नाही. मी त्याला काही न सांगता वर वॉर्डात गेलो आणि भिंतीकडे बघितलं. मग मोबाइलकडे. सगळी इमारत तेवीस मिनिटं पुढे गेल्यावर डॉक्टरांनाही तेवीसचा आकडा कळला होता. वॉर्डाचं घड्याळ आता सव्वीस मिनिटं पुढे होतं, म्हणजे प्रयोगशाळेच्याही पुढे तीन मिनिटं.

मोठ्या सिस्टर चिठ्ठ्या लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“काही हवंय?”

खाटांवर बाया चहात बिस्कीट बुडवत होत्या.

“नाही,” मी म्हणालो, आणि खाली येऊन सॉफ्टवेअर बंद केलं. या वेळी मी एकही ओळ वाढवली नाही.